काड्यांचं माप

जांभई अर्ध्यातच अडली. सकाळचे सहा-सव्वासहा झाले असतील, पडदा नुकता कुठे फिकट व्हायला लागला होता. तो अंथरुणावर उठून बसला आणि रोजच्यासारखी, डोळ्यांत पाणी आणणारी, पार खांद्यांपर्यंत उतरणारी जांभई द्यायला गेला, तर डाव्या कानाच्या पुढे, जबड्याच्या बिजागरीपाशी, आतून कुणी दार धरून उभं असावं तसं झालं. दुखणं नंतर आलं. आधी आलं ते नुसतं नवल. जांभई घशात क्षणभर तशीच तिष्ठत राहिली आणि आल्या वाटेनं परत गेली. त्यानं पुन्हा तोंड उघडून पाहिलं. एक बोट आत गेलं, दुसऱ्याचं नखच तेवढं शिरलं. दोन दिवसांपूर्वी त्याच बाजूची खालची अक्कलदाढ काढली होती. सूज येईल, थोडं ठणकेल, एवढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण तोंड ही उघडायची वस्तू आहे आणि ती न उघडण्याचीही शक्यता असते, हे अठ्ठेचाळीस वर्षांत कधी त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानं कपाटातून पोलादी पट्टी काढली आणि आरशासमोर उभा राहिला. वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत बारा मिलिमीटर. मापं घ्यायची त्याला सवयच होती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली एकवीस वर्षं तो नोंदी ठेवत होता: टाकीत पाणी किती, नळात दाब किती, कोणता पंप किती तास चालला. काटा कुठे आहे ते पाहायचं आणि लिहायचं. तो तिथे का आहे हे विचारायचं काम इंजिनियरांचं. आज पहिल्यांदाच त्याला स्वतःच्याच शरीरात एक काटा सापडला होता आणि तो पुढे सरकत नव्हता. बायको चहा घेऊन आली तेव्हा तो पट्टी दातांत धरून उभा होता.

"अहो, हे काय?"

"उघदत नाईये," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याला हसू आलं, तेही अडलं.

"अक्कलदाढ काढली की अक्कल जाते असं ऐकलं होतं," ती म्हणाली, "तुमचं तर तोंडच गेलं की!" मग तिनं बशी बाजूला ठेवली, दोन बोटांनी त्याचा गाल हलकेच चाचपला, आणि टॉवेल गरम पाण्यात बुडवायला आत गेली. तिचं असंच होतं. आधी टोमणा, मग टॉवेल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलताना मास्क हनुवटीवर ओढून घेत. इंजेक्शनची सुई जबड्याच्या स्नायूला लागली असणार, त्या म्हणाल्या, तो स्नायू रुसलाय. घाबरण्यासारखं काही नाही, पण त्याची समजूत काढत राहावं लागेल. त्यांनी आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी चपट्या काड्यांचा एक जुडगा दिला. एकीवर एक रचायच्या, दातांत सरकवायच्या, अर्धं मिनिट धरायच्या. जमलं की आणखी एक. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडात सात काड्या मावल्या. बावीस झाल्या की तुम्ही मोकळे, त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी विचारलं, "झोपेत दात आवळता का हो? काही ताण वगैरे?" त्यानं मान हलवली. नाही.

ताण म्हणावा अशी एक गोष्ट होती, पण ती दाढ काढायच्या आठवडाभर आधीची. दुपारी पावणेतीनला मुख्य कार्यालयातून फोन आला होता. उत्तरेकडच्या लाइनचा व्हॉल्व किती उघडायचा, ते सांगणारा फोन. असे फोन दिवसाला दहा येत. सांगणारा होता त्याचा मेहुणा, बायकोचा मोठा भाऊ, त्या विभागाचा इंजिनियर. आधी मित्र, मग मेहुणा. ऐकणारा हा. आणि यानं तोच शब्द खिडकीतून खाली ओरडून तात्यांना सांगितला होता. तात्या म्हणजे व्हॉल्वमन, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. तात्यांनी चाक फिरवलं. वीस मिनिटांनी खालच्या वस्तीतला जुना नळ दाबानं रस्त्याखाली फुटला, चार तळघरांत कमरेइतकं पाणी शिरलं, आणि एक म्हातारी बाई सुटका होईपर्यंत दोन तास शिलाई मशिनच्या टेबलावर उभी होती. कुणी दगावलं नाही. पण मेहुण्यानं त्याच संध्याकाळी लिहून दिलं की आपण अर्धा उघडायला सांगितलं होतं. तात्यांचं म्हणणं होतं, पूर्ण. पंपघराच्या वहीत वेळ होती, लाइन होती, 'सूचनेनुसार' असा शब्दही त्याच्याच अक्षरात होता. किती उघडला याला त्या वहीत रकानाच नव्हता. एकवीस वर्षांत ही गोष्ट कुणाला खटकली नव्हती.

तोंड बंद झाल्यावर पहिले काही दिवस त्याला, खोटं कशाला बोला, बरे वाटले. कामावर कुणी काही विचारलं की तो गालाकडे बोट दाखवी आणि समोरचा लगेच आपल्या दाढांच्या कहाण्या सांगायला लागे. प्रत्येकाकडे एक तरी असतेच. बायको पातळ करून देई ते तो चमच्यानं ओठांच्या फटीतून आत सोडी, आणि तेव्हा त्याला हमखास आई आठवे: त्याला भरवताना ती स्वतः तोंड उघडायची. "आ कर, आ," असं म्हणताना तिचंच तोंड एवढं मोठं होई की आतला सोन्याचा दात दिसे. मूल तोंड उघडतं ते भुकेनं की आईचं पाहून, हे त्याला आता नीट तपासून पाहावंसं वाटायला लागलं. मग आत्या आठवे. आत्याला फिट यायची. ती जमिनीवर ताठ होऊन पडली की बायका धावत आणि तिच्या दातांत चमच्याचा दांडा घालायचा प्रयत्न करत. "दातखीळ बसली, दातखीळ बसली," असं कुजबुजत. सहा-सात वर्षांचा तो दाराशी उभा राहून बघे. भीती वाटायचीच, पण त्याहून जास्त वाटायचं ते हे की मिटलेल्या दातांच्या आत आत्ता काय चाललं असेल. एकदा आत्या बरी होऊन भाजी निवडत बसली होती तेव्हा त्यानं विचारलंच होतं, "आत्या, तेव्हा तुला बोलायचं असतं का गं?" आत्या बराच वेळ देठं खुडत राहिली. "बोलायचं असतं की बोलायचं नसतं," ती म्हणाली, "तेच तर बाळा नंतर आठवत नाही." एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याच्या मनात कुठे पडून होतं कोण जाणे. काड्या दातांत धरून सेकंद मोजताना ते वर आलं.

दहाव्या दिवशी तेरा काड्या झाल्या. त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ता आखला होता, सकाळचा एक आकडा, संध्याकाळचा एक. रेघ रोज वर चढत होती. अकराव्या दिवशी चौकशीचं पत्र आलं. पुढच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, साक्षीसाठी समक्ष हजर राहावे. त्या संध्याकाळी त्यानं काड्या रचल्या तेव्हा बारावी आत जाईना. अकरावीला कळ आली. त्यानं टॉवेल पुन्हा गरम केला, पुन्हा पाहिलं. दहा. काटा मागे येताना त्यानं पंपघरात पुष्कळदा पाहिला होता, आणि कुठेतरी गळती असल्याखेरीज तो मागे येत नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. तो पलंगावर तक्त्याकडे बघत बसून राहिला. हा जबडा उघडत नाहीये, की मी उघडत नाहीये? प्रश्न इतका सरळ होता की त्याचं उत्तर शरीराकडे कुठेतरी असायलाच हवं होतं. त्यानं हळूच दोन बोटं बिजागरीवर ठेवली. स्नायू सुपारीसारखा टणक लागला. तो आपल्याला विचारल्याशिवाय टणक झाला होता, की विचारून? दुसऱ्या दिवशी दाखवायला गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनाही कोडं पडलं. "मागे यायचं काही कारण नाही खरं तर," त्या म्हणाल्या, आणि या खेपेला ताणाबद्दल त्यांनी विचारलं नाही; नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

शनिवारी मेहुणा घरी आला. येताना मऊ केक घेऊन आला, लहान भाच्याला द्यावा तसा जपून त्यानं तो स्वतः चुरून बशीत दिला. तो वाईट माणूस नव्हता. वीस वर्षांपूर्वी यानं घर लावलं तेव्हा पलंग जिन्यावरून पाठीवर वाहून आणला होता त्यानं.

"तुला आता बोलायचा त्रास कशाला," मेहुणा म्हणाला. "लेखी दिलं तरी चालतं म्हणे. मी लिहूनच आणलंय. तू वाच, सही कर, झालं." कागदावर चार ओळी होत्या. फोनवर खरखर होती. गडबडीची वेळ होती. नेमका शब्द मला आठवत नाही.

त्यानं कागद दोनदा वाचला. कागदातलं खोटं इतकं लहान होतं की ते बोटात धरताही येत नव्हतं. आणि नेमका शब्द कुणालाच आठवत नसेल, तर मग उरतो तो चाकावरचा हात. तात्यांचा. त्यानं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याच्या डोळ्यांत लबाडी शोधली, कुतूहलानं शोधली, आणि ती सापडेना. तिथे थकवा होता, थोडी भीती होती, आणि आपण बरोबर आहोत अशी एक साधी, दाढी केल्यासारखी स्वच्छ खात्री होती.

"डॉक्टरांकडून पण लिहून घ्या," बायको म्हणाली. "बोलायची मनाई आहे म्हणून. तुमच्या तब्येतीपेक्षा का ती चौकशी मोठी आहे?" मग मेहुणा गेल्यावर, बशा उचलता उचलता, पाठमोरीच: "दादाला दोन मुलींची शिक्षणं आहेत अजून. आणि तुम्हाला तरी कुठे सगळं नीट ऐकू येतं? परवा मी मीठ म्हणाले तर तुम्ही पीठ आणलंत." तो हसला नाही. हे मात्र खरं होतं. त्यानं पीठ आणलं होतं.

रविवारभर तो त्या पिठापाशी घुटमळत राहिला. त्यानं मीठ ऐकलं होतं की पीठ? त्याला आठवत होतं ते पीठ, पण आणलं पीठ म्हणून पीठ आठवत असेल. मग पूर्ण? खिडकीतून खाली ओरडला पूर्ण, म्हणून फोनवरही पूर्ण आठवतंय असं तर नसेल? तो शब्द आधी कुणाच्या तोंडून निघाला? सोमवारी दुपारच्या पाळीत तो मुद्दाम खाली उतरला. तात्या व्हॉल्वच्या खड्ड्यापाशी स्टूल टाकून चाकाला तेल देत होते. चौकशी होईपर्यंत त्यांनी चाकाला हात लावायचा नाही असा हुकूम होता, पण तेल द्यायचं नाही असं त्यात लिहिलेलं नव्हतं.

"काय साहेब, किती काड्या?" तात्यांनी विचारलं. साऱ्या पंपघराला त्याच्या काड्यांचा हिशोब ठाऊक होता. त्यानं दोन्ही पंजे पसरून दाखवले.

"मागच्या आठवड्यात तेरा होत्या ना? मग तुम्ही जोर लावलात. जॅम झालेल्या चाकाला कधी जोर लावू नये. आतला दांडा तुटतो. जरा उघडायचं, थोडं मिटायचं, परत जरा उघडायचं. त्याला वाटलं पाहिजे की आपणच फिरतोय." तात्यांनी हात पुसले. ते गुरुवारबद्दल काही बोलतील म्हणून तो थांबला, पण ते तेलाच्या डब्याचं झाकण लावत राहिले. शेवटी यानंच, दातांतून, कसाबसा एकेक शब्द सोडवत विचारलं, "तात्या, मी त्या दिवशी काय ओरडलो?"

तात्यांनी वर पाहिलं. त्यांना राग येईल असं त्याला वाटलं होतं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "पूर्ण म्हणालात," ते म्हणाले. "मी तुमचं ऐकलं. तुम्ही कुणाचं ऐकलंत ते तुम्हाला ठाऊक. मला खिडकीच्या वरचं कुठे काय दिसतं, साहेब."

घरी आल्यावर त्यानं न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि आरशासमोर पट्टी घेऊन उभा राहिला. त्याला एक गोष्ट पाहायची होती. कोणत्या शब्दाला किती तोंड लागतं? इतके दिवस हे सुचलं कसं नाही, असं वाटून तो आधी स्वतःवरच चरफडला. म, प, ब हे सगळे ओठांवरच भागत होते. स आणि श तर मिटल्या दातांतूनच जास्त चांगले निघत. 'हो'ला चार मिलिमीटर. 'नाही'ला नऊ. महाग होता तो 'आ'. अगदी आईनं दाखवला होता तसा, सगळं आत दिसेल असा. त्यानं बायकोचं नाव घेऊन पाहिलं, स्वतःचं घेतलं, पंपघरातल्या यंत्रांची घेतली. मग, कुणी बघत नसताना कपाटातली दुसऱ्याची वस्तू उचलून पाहावी तसं, हळूच म्हणाला, "आठवत नाही." पहिल्याच अक्षराला जबडा ठेचकाळला; कानापर्यंत कळ गेली. पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच. "अर्धा," तो म्हणाला. 'धा'ला काटा अडला. मग "पूर्ण." ओठ पुढे आले, जीभ टाळूला लागली, आणि शब्द बाहेर. पट्टी जागची हललीसुद्धा नाही. तो आरशात स्वतःकडे पाहत राहिला. यात न्याय वगैरे काही नव्हता, हे त्याला कळत होतं. अक्षरांचा हा नुसता योगायोग होता, आणि शब्द उलट असते तर जबडा उलट वागला असता. पण एक झालं. तोंड उघडत नाही म्हणून सांगता येत नाही, हे म्हणायची सोय संपली. जे सांगायचं होतं त्याला तोंड उघडावंच लागत नव्हतं.

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, तीन माणसं, टाइप करणारी एक बाई, आणि पंखा असा की प्रत्येक फेरीला कागदांची टोकं उचलून पाही. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी बसले होते. मेहुणा समोर. मेहुण्यानं केलेला कागद याच्या खिशात होता, डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी मात्र त्यानं मागितलीच नव्हती. सकाळी निघताना बायकोनं विचारलं होतं, "कागद घेतलात ना?" आणि यानं होकारार्थी मान डोलावली होती. खोटं नव्हतं तेही.

"फोनवर आपल्याला काय सूचना मिळाली?" मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"पूर्ण," तो म्हणाला.

"नीट ऐकू आलं नाही."

"पूर्ण."

"जरा मोठ्यानं. यांना टाइप करायचंय."

तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडायचा प्रयत्न केला, कळ आली, आणि शब्द तसाच दातांतून, थुंकीसकट, पण खोलीभर ऐकू जाईल असा निघाला. "पूर्ण उघडा, असं सांगितलं. यांनी. मी तेच खाली सांगितलं." टाइप करणाऱ्या बाईची बोटं वाजली आणि थांबली. मेहुणा आपल्या नखांकडे पाहत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. ओळखीच्या गल्लीत वळावं आणि ती दुसरीच निघावी, तसं काहीतरी होतं. भिंतीशी तात्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, बऱ्याच मोठ्यानं.

त्या संध्याकाळी त्यानं मोठ्या उत्सुकतेनं काड्या रचल्या. आता सुटेल असं त्याला उगीचच वाटलं होतं. दहाच गेल्या. शुक्रवारी दहा, शनिवारी अकरा. खरं बोलल्याचं स्नायूला काही सोयरसुतक नव्हतं. त्याला गरम टॉवेल आणि वेळच हवा होता. हे कळल्यावर तो थोडा हिरमुसला आणि थोडा सुटल्यासारखाही झाला. आठवड्यानं निकाल आला. तात्यांवर ठपका नाही. मेहुण्याला ताकीद, आणि विभागातून भांडारात बदली. बायकोनं ते भावाकडून ऐकलं. ती ओरडली नाही. "तुम्हाला तुमचा व्हॉल्वमन जवळचा," एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर ताट वाढणं, टॉवेल गरम करणं, सारं पूर्वीसारखंच करत राहिली, फक्त टोमणा मारेनाशी झाली. ते त्याला सगळ्यात कठीण गेलं. टॉवेल तेवढाच गरम असे, पण तो गालावर तिनं ठेवायच्याऐवजी दांडीवर टांगलेला असे.

पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला. बायकोनं उचलला, क्षणभर ऐकलं, आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. पलीकडे मेहुणा होता.

"मला एक सांग," मेहुणा शेवटी म्हणाला. "भांडायला फोन नाही केला. बदलीचं होईल काय व्हायचं ते. मला खरंच आठवतंय रे, मी अर्धा म्हणालो. डोळे मिटले की मला माझाच आवाज ऐकू येतो, अर्धा. आणि तू तिथे तीनदा पूर्ण म्हणालास. तू काही माझ्यावर सूड उगवणारा माणूस नाहीस. पंधरा दिवस मला झोप नाही. मी नक्की काय म्हणालो? जसंच्या तसं सांग. शब्द न शब्द."

तो भिंतीला टेकला. बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. त्यानं डोळे मिटले आणि त्या दुपारपाशी गेला. चौकशीत कुणी त्याला तिथे इतक्या सावकाश जाऊ दिलं नव्हतं. फक्त शब्द विचारला होता, आणि त्यानंही फक्त शब्दच दिला होता. आता पंपांची घरघर आली, रिसीव्हरचा उन्हानं तापलेला वास आला, आणि मग आवाज.

"आधी विचारलंस, ताप उतरला का," तो सावकाश म्हणाला. "हिला ताप होता त्या दिवशी. मी म्हटलं, उतरला. मग म्हणालास, उत्तरेची लाइन, पूर्ण उघडा. मग कुणीतरी तुझ्या टेबलावर काहीतरी पाडलं. काचेचं. तू त्याच्यावर ओरडलास, अरे अर्धा ग्लास तरी ठेवायचास. आणि फोन ठेवलास."

पलीकडे मेहुण्यानं तेच शब्द पुटपुटत पुन्हा म्हणून पाहिले.

"माझ्या प्यायच्या पाण्याचा ग्लास होता तो," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू, जवळजवळ आनंदी झाला होता. "बाप रे. अर्धा ग्लास. हो. हो रे. तिथलाच अर्धा तो."

दारातून बायको पुढे आली, त्याच्या कानाजवळ स्वतःचा कान नेला, आणि म्हणाली, "दादा, माझ्या तापाचं विचारलं होतंस तू?"